नायट्रोजनचा जार, तांब्याच्या चकत्या, वितळतं प्रोपेन : तालुक्याच्या लॅबमधली जलद गोठवण

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मोठ्या शहरात आहे, म्हणून नमुन्याची सगळी तयारी तिथेच व्हावी असं काही नाही. शेवटी चित्रात काय दिसणार, याचा निकाल नमुना गोठतो त्या पहिल्या काही मिलिसेकंदांत लागून गेलेला असतो. तेवढं काम मेहकर, वरुड किंवा आरमोरीच्या कॉलेजातल्या साध्या लॅबमध्येही नीट होतं. पुढच्या पद्धतीचा आराखडा असा : पेशी दोन तांब्याच्या चकत्यांमध्ये दाबून वितळत्या प्रोपेनमध्ये बुडवायच्या, उणे ८० अंशाच्या डीप फ्रीझरमध्ये त्यांच्यातल्या बर्फाची जागा ॲसिटोनला घेऊ द्यायची, मग रेझिनमध्ये (तापवल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रवात) ठोकळा करायचा. ठोकळा तयार झाला की त्याला थंडावा लागत नाही, तो कुरियरच्या पाकिटातून कुठेही जातो. (सगळे अंश सेल्सिअसमधले.)

काचेसारख्या बर्फातली पेशी जशीच्या तशी थंड मायक्रोस्कोपखाली पाहायची असेल तर तो मार्ग वेगळा. त्यात ग्रिडपासून (नमुना ठेवायच्या बारीक धातूच्या जाळीपासून) मायक्रोस्कोपपर्यंत थंडाव्याची साखळी कुठेच तुटून चालत नाही. त्यासाठी बेंगळुरूच्या एनसीबीएससारख्या (नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस) केंद्राशी आधी बोलून घ्या. इथे तो विषय नाही.

एवढी घाई कशाला

डीप फ्रीझरमध्ये ठेवलेलं टमाटर बाहेर काढलं की लिबलिबीत होतं. पाणी सावकाश गोठताना शुद्ध पाण्याचे स्फटिक वाढत जातात, क्षार आणि प्रथिनं बाजूला रेटली जातात, पडदे फाटतात. पेशीतही हेच होतं, फक्त मोजमाप मायक्रोमीटरचं. स्फटिक धरायला सवडच मिळाली नाही तर पाणी काचेसारखं घट्ट होतं आणि सगळं जागच्या जागी राहतं. शुद्ध पाण्यासाठी त्याला सेकंदाला लाखो अंशांचा वेग लागतो. पेशीत विरघळलेले पदार्थ असल्यामुळे थोडी सवलत मिळते, पण थोडीच. पाण्याची अशी काच करता येते हे जाक दुबोशे आणि ॲलस्डेअर मॅकडॉवल यांनी १९८१ साली हायडेलबर्गला दाखवलं. दुबोशेंना २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांच्यासोबत मिळालं.

नवखे लोक सगळ्यात आधी विचारतात : नायट्रोजन उणे १९६ अंश, मग नमुना थेट त्यातच का टाकू नये? कारण नायट्रोजन आपल्या उकळबिंदूवरच बसलेला असतो. गरम वस्तू आत गेली की तिच्याभोवती वाफेचं कवच तयार होतं. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो ना, तोच प्रकार. ते कवच उष्णता अडवतं. प्रोपेन वितळतं उणे १८८ अंशाला आणि उकळतं उणे ४२ ला, त्यामुळे मध्ये जवळजवळ १४५ अंशांची ऐसपैस जागा आहे. वाफ न होता ते उष्णता ओढतं. इथेनचंही तसंच : वितळबिंदू उणे १८३, उकळबिंदू उणे ८९. आइसोपेंटेन उणे १६० लाच गोठतं. साध्या मायक्रोस्कोपच्या कापांना ते पुरतं, इथे नाही.

दुसरी गोष्ट जाडीची, आणि ही द्रवाच्या निवडीपेक्षाही महत्त्वाची. पाणी आणि बर्फ दोन्ही उष्णता सावकाश वाहून नेतात. ढोबळ हिशेबाने नमुना दुप्पट जाड केला की मधल्या भागाचा वेग चौथाईवर येतो. पृष्ठभागापासून साधारण १० मायक्रोमीटरपर्यंतच चांगली गोठवण मिळते. त्याच्या आत कितीही महागडं यंत्र असलं तरी या पद्धतीने स्फटिक होणारच.

नायट्रोजन कुठून, आणि आणायचा कसा

खेड्यात द्रव नायट्रोजन असतो तो ढोरांच्या दवाखान्यात, कृत्रिम रेतनाच्या जारमध्ये. सल्ला, ओळख, जार हाताळायची रीत, हे सगळं तिथून जरूर घ्या. नायट्रोजन मात्र त्यांच्या जारमधून मागू नका. पातळी खाली गेली की गोठीत रेतमात्रा वाया जातात, आणि त्याचा हिशेब त्या डॉक्टरला द्यावा लागतो. नागपूरच्या औद्योगिक गॅस विक्रेत्याकडून स्वतःचा जार भरून आणा. दोन-अडीच तासांच्या एका बैठकीला ६ ते ८ लिटर लागतं. त्यातलं पहिलं लिटरभर तर भांडी थंड करण्यातच उडून जातं. म्हणून १० लिटरचा जार हवा. तीन लिटरवाला फक्त गोठलेले नमुने नेण्याच्या कामाचा.

जारमध्ये किती उरलं ते वजनावरून पाहा. एक लिटर म्हणजे ८०० ग्रॅम. रिकाम्या जारचं वजन त्याच्यावरच रंगाने लिहून ठेवा, कापूस तोलायचा काटाही चालेल. घाईत लाकडी पट्टी तळापर्यंत बुडवून पाच-दहा सेकंदांनी काढा आणि हवेत हलवा, जिथवर पांढरं हिम धरेल तिथवर द्रव आहे. पोकळ नळी कधी बुडवू नका, वरच्या टोकातून नायट्रोजनची पिचकारी थेट तोंडावर येते. भरलेल्या जारच्या अंगावर बाहेरून दव किंवा हिम धरायला लागलं तर भिंतीतली निर्वात पोकळी गेली समजा. तो जार एक-दोन दिवसांत रिकामा होईल.

एक लिटर द्रवाचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो. लहान कारच्या आत सुमारे ३,००० लिटर हवा असते आणि ३ लिटरचा जार आडवा झाला तर तिथे २,००० लिटर नायट्रोजन येतो. त्याला वास नाही, रंग नाही, गुदमरल्याचं कळतही नाही. म्हणून एसटीत नाही, काचा लावलेल्या कारमध्ये नाही. उघड्या पिकअपमध्ये, उभा, दोरीने बांधून. झाकण सैल हवं. घट्ट बुच मारलेला जार म्हणजे बॉम्ब.

हातात चामड्याचे सैल मोजे घाला, झटक्यात निघतील असे. ओले सुती मोजे उघड्या हातापेक्षा वाईट, ते गोठून कातडीला चिकटतात. डोळ्यांवर चष्मा, पायांत बंद बूट, पँट बुटाच्या बाहेरून. चप्पल घालून हे काम करू नये.

प्रोपेन : घरचा सिलेंडर चालणार नाही

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन असतं, पण सोबत ब्युटेन असतं आणि वासासाठी गंधकाचं संयुग. ब्युटेन उणे १३८ ला गोठतं, त्यामुळे खूप आधीच घट्ट राबडी होते आणि हवं ते तापमान मिळतच नाही. शुद्ध प्रोपेन एसी-फ्रीज दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे आर-२९० या नावाने मिळतं. डब्यावरचा आकडा स्वतः वाचून घ्या. शेजारच्याच फळीवर आर-६००ए असतं, ते आयसोब्युटेन, आणि ते उणे १६० ला गोठतं. दुकानदाराच्या लेखी दोन्ही ‘फ्रीजचा गॅस’च.

त्याच दुकानातून मीटरभर पातळ तांब्याची नळी, डब्याला बसणारा व्हॉल्व्ह आणि जाड रबरी पाइप घ्या. लेथवाल्याकडून पितळेची एक वाटी करून घ्या : ८-१० मिलिलिटर मावेल अशी, खोली निदान ३ सेंटिमीटर, भिंत ४ मिलिमीटरची. जाड भिंतीची वाटी थंडावा धरून ठेवते. ती थर्माकोलच्या खोक्यात बसवा, खोक्याची भिंत ३-४ सेंटिमीटर हवी. खोक्यात ॲसिटोन सांडू नये, थर्माकोल विरघळतो आणि सगळा नायट्रोजन टेबलावर येतो.

आगीबद्दल. हवेत प्रोपेनचं प्रमाण २ टक्क्यांच्या थोडं वर गेलं की ठिणगीने पेट घेतं, आणि ते हवेपेक्षा जड असल्याने फरशीलगत पसरतं. खोलीतला फ्रीज, स्विच, पंख्याचा रेग्युलेटर, भिंतीतला एक्झॉस्ट, सगळ्यांतून ठिणगी पडू शकते. ठिणगीविरहित हूड (वाफा ओढून बाहेर टाकणारं कपाट) नसेल तर मोकळा व्हरांडा बरा. देवाजवळची उदबत्तीही त्या वेळी नको. आणखी एक धोका कमी लोकांना ठाऊक असतो : ऑक्सिजन उणे १८३ ला द्रव होतो, म्हणजे तुमची वाटी हवेतला ऑक्सिजन ओढून प्रोपेनमध्ये साठवू शकते. जळणारा पदार्थ आणि द्रव ऑक्सिजन एकाच वाटीत. म्हणून भरलेली वाटी तासन्‌तास उघडी ठेवायची नाही. काम नसेल तेव्हा झाकण ठेवा आणि वाटी भरल्यापासून दीड-दोन तासांत काम आटपा. शेवटी वाटी बाहेर मोकळ्यात, माणसांपासून दूर, आपोआप उडू द्या. बेसिनमध्ये ओतायची नाही.

चकत्या

तांब्याचा ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ पत्रा आणि चामड्याला भोकं पाडायचा ३ मिलिमीटरचा पंच, एवढ्यात चकत्या होतात. पंचाने कडा किंचित वळते. चकती दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून सपाट करा, मग बारीक पॉलिश पेपरवर, १,००० नंबरच्या, एकच बाजू पाच-सहा वेळा गोल घासा. त्या खरवडलेल्या बाजूला पेशी धरून बसतात. धुण्याचा क्रम : ॲसिटोन, पातळ ॲसेटिक आम्ल, ऊर्ध्वपातित पाणी, अल्कोहोल. चिंचेने तांबं लखलखतं हे खरं, पण चिंचेचा गर मागे राहतो आणि मग चकत्या नीट विलग होत नाहीत. एका नमुन्याला दहा जोड्या, म्हणजे वीस चकत्या तयार ठेवा. निम्म्या जोड्या वाया जातील असंच धरून चला.

हवा

हे बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही, कारण ती एसी खोल्यांतून लिहिलेली असतात. मे महिन्यात विदर्भातली हवा इतकी कोरडी असते की चकतीवरची पातळ ओल बघता बघता आटते. आटली की क्षार दाटतात आणि पेशी गोठण्याआधीच आक्रसते. चित्रात ती सुकलेल्या बोरासारखी दिसते आणि माणूस गोठवणीला दोष देतो. कूलर लावला तर ओल मिळते, पण त्याचा झोत नायट्रोजनवरची थंड वाफ उडवून लावतो. कूलर खोलीत चालू द्या, टेबलाकडे तोंड नको. पारदर्शक प्लास्टिकच्या खोक्यात ओला टिपकागद अंथरून चकत्या भरायचं काम त्याच्या आत करा.

पावसाळ्यात उलटं. हवेतली ओल नायट्रोजनमध्ये पांढऱ्या भुकटीसारखी पडत राहते, चिमटे हिमाने भरतात आणि रेझिनचा ओलाव्याने बट्ट्याबोळ होतो. सगळ्यात चांगले दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सात ते दहा.

नमुना कोणता, आणि तो कसा घ्यायचा

पहिले दोन-तीन वेळा फक्त बेकरीचं यीस्ट. रात्रभर वाढवलेलं, वाढीच्या जोरात असलेलं. यीस्टच्या चांगल्या गोठवणीचं चित्र कसं असतं हे जगभर माहीत आहे, त्यामुळे आपलं कुठे चुकतंय ते लगेच कळतं.

हात बसला की मग आपल्याकडचं घ्या. बुलडाण्यातल्या लोणार सरोवराचं उदाहरण घेऊ, कारण तिथे एक-दोन खास अडचणी आहेत. सरोवर अभयारण्यात आहे आणि २०२० पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय बाटलीभर पाणीही उचलू नका. पाणी खारं आणि चांगलंच अल्कधर्मी, पीएच १० च्या आसपास. त्यातले सूक्ष्मजीव साध्या पाण्यात धुतले की फुगून फुटतात. म्हणून त्याच सरोवराचं पाणी ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळून ठेवा आणि धुणं, पातळ करणं, सगळं त्याच पाण्यात. बाटली अर्धीच भरा, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत आणा, बर्फात ठेवू नका, त्याच दिवशी गोठवा.

दुसरं सेंट्रिफ्यूजचं. यीस्टला ५०० ते १,००० जी वर (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तेवढ्या पट जोरावर) तीन मिनिटं चालतात. काही निळ्या-हिरव्या जिवाणूंमध्ये मात्र तरंगण्यासाठी वायूच्या बारीक पोकळ्या असतात आणि त्या दाबाने चपट्या होतात. तसे तंतू फिरवू नका, गाळणीकागदावर हलकेच ओढून घ्या. (उच्च दाबाच्या गोठवणयंत्रात २,००० बारच्या वर दाब जातो, तिथे या पोकळ्या टिकत नाहीत. आपली स्वस्त पद्धत महागड्या यंत्राला सरस ठरते अशा मोजक्या जागांपैकी ही एक.)

पेशींचा लगदा चक्क्याहून थोडा सैल हवा. पाणी सुटत असेल तर पेशींमधलं मोकळं पाणीच आधी स्फटिक धरतं. फार घट्ट असेल तर दोन चकत्या एकमेकींवर नीट बसत नाहीत.

गोठवण

खोक्यात नायट्रोजन ओता, वाटीच्या काठाखाली अर्धा सेंटिमीटर राहील इतका. उकळणं शांत झालं की वाटी थंड झाली. तांब्याच्या नळीचं टोक वाटीच्या तळाशी भिंतीला टेकवा आणि व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडा. सुरुवातीला फुसफुस, मग नळीभोवती स्वच्छ द्रव चढायला लागतो. घाईने सोडलं तर उडून अंगावर येतं. वाटी काठोकाठ भरा. ‘काठोकाठ’ हा शब्द शब्दशः घ्या. द्रव काठाखाली राहिला तर त्याच्यावर थंड वायूचा थर साचतो, नमुना आधी त्या थरातून सावकाश थंड होत जातो आणि द्रवाला भिडण्याआधीच काम बिघडतं. बुडवण्याच्या क्षणभर आधी वाटीच्या तोंडावर कागदाने हलका वारा घाला.

काही मिनिटांत वाटीच्या भिंतीलगत पांढरट घट्ट थर धरायला लागेल. तीच आपली खूण : घट्ट आणि पातळ प्रोपेन एकत्र असेल तेव्हा तापमान वितळबिंदूवरच असतं. तापमापकाची गरज नाही, आणि मल्टीमीटरसोबत येणारे स्वस्त मीटर इतक्या खालचा आकडा बहुधा दाखवतही नाहीत. सगळं घट्ट झालं तर खोलीतली तांब्याची काडी मध्ये बुडवून ढवळा. थर अजिबात दिसत नसेल तर नायट्रोजन कमी पडला आहे.

आता चकत्या. खरवडलेली बाजू वर करून एक चकती टिपकागदावर ठेवा. टूथपिकच्या टोकाने लगदा लावा. किती? ३ मिलिमीटर रुंद आणि १० मायक्रोमीटर जाड थराला ०.०७ मायक्रोलिटर पुरतो. खसखशीच्या दाण्यापेक्षा बराच कमी. पिपेटने हे मोजता येत नाही, डोळ्यांनीच शिकावं लागतं. दुसरी चकती खरवडलेली बाजू खाली करून वर ठेवा आणि चिमट्याच्या पाठीने एकदा हलकेच दाबा. कडेने लगदा बाहेर आला तर जास्त झाला, टिपकागदाने टिपून घ्या. दाबल्यावर वरची चकती सरकत असेल तर अजून जास्त आहे. बरोबर झालं की जोडी एका चकतीसारखी एकजीव वागते.

उलट्या क्रियेच्या चिमट्याने, म्हणजे दाबल्यावर उघडणाऱ्या, जोडीची अगदी कड धरा. चिमटा जितका जास्त आत तितका थंडावा कमी पोचतो. जोडी उभी धरायची, पाण्यात नाणं कडेवर सोडावं तशी, म्हणजे दोन्ही बाजू एकदम थंड होतात. आडवी पडली तर एकच बाजू चांगली निघते. हाताने बुडवलं तरी जमतं, पण हात शेवटच्या क्षणी कचरतो आणि वेग पडतो. ड्रॉवरचं चॅनल भिंतीला उभं ठोकून त्यावर चिमटा बांधला तर २० सेंटिमीटरवरून सोडल्यावर वेग सेकंदाला सुमारे २ मीटर भरतो, दर वेळी तोच. टोक तळाच्या एक सेंटिमीटर वर थांबेल असा खिळा मारा. लगदा लावल्यापासून बुडवेपर्यंत ३० सेकंदांच्या वर जाऊ नये. नमुन्याला हात लावण्याआधी रिकाम्या चकत्यांवर ही कवायत वीसेक वेळा करा.

दोन-तीन सेकंद आत राहू द्या, मग एका झटक्यात शेजारच्या नायट्रोजनमध्ये. इथून पुढे एकच नियम : नमुन्याला जे काही शिवेल ते आधी नायट्रोजनमध्ये बुडवून, त्याचं उकळणं थांबेपर्यंत थंड केलेलं असलं पाहिजे. चिमटा, सुई, कुपी, सगळं. शुद्ध पाण्याची काच उणे १३७ अंशाच्या वर गेली की तिचे स्फटिक होऊ लागतात, आणि खोलीतल्या गरम चिमट्याचा एक स्पर्श त्याला पुरतो. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, तीन आठवड्यांनी चित्रात दिसते.

द्रवाच्या खालीच दोन थंड चिमट्यांनी जोडी उकला. टचकन आवाज येऊन चकत्या सुटतात आणि दोन्हींवर फिकट डाग दिसतो. डाग एकाच चकतीवर असेल तर दुसरी बाजूला काढा.

बर्फाच्या जागी ॲसिटोन

२ टक्के ऑस्मियम टेट्रॉक्साइडचं (पेशीचे पडदे पक्के आणि गडद करणारं रसायन) कोरड्या ॲसिटोनमधलं द्रावण लागतं : ०.१ ग्रॅमची एक कुपी, ५ मिलिलिटर ॲसिटोन. हे फक्त हूडमध्ये, मोजे आणि चष्मा घालून. ऑस्मियमची वाफ डोळ्यांच्या बुबुळावर बसते. कोणी विचारलं ‘वास येतोय का’, तर उत्तर एकच, वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. हूड नसेल तर हा टप्पा कृषी विद्यापीठात किंवा मेडिकल कॉलेजात जाऊन करा. उणे ८० चा फ्रीझरही तिथेच असण्याची शक्यता जास्त.

ॲसिटोन आण्विक चाळणीच्या (ओल शोषून घेणाऱ्या) गोळ्यांवर ठेवून कोरडा केलेला असावा. ओला ॲसिटोन बर्फ नीट ओढून घेत नाही. (पडदे ठळक दिसावेत म्हणून काही जण मुद्दाम १ ते ५ टक्के पाणी घालतात. ते नंतरचं कौशल्य, पहिल्या वेळी नको.) ॲसिटोन आधी उणे २० ला थंड करून मगच ऑस्मियम घाला, नाहीतर द्रावण काळं पडत जातं. प्रत्येक पॉलिप्रॉपिलीनच्या कुपीत एक मिलिलिटर ओतून कुपी नायट्रोजनमध्ये धरा. ॲसिटोन उणे ९५ ला गोठतो. त्या गोठलेल्या थरावर नमुन्याच्या चकत्या ठेवा. कुपीवर मार्करने लिहिलेलं नाव ॲसिटोनच्या एका थेंबात पुसलं जातं, सुईने कोरा.

गोठवण मेहकरला आणि फ्रीझर अकोल्याला असेल तर या कुपी याच अवस्थेत तीन लिटरच्या जारमधून न्या.

फ्रीझरमध्ये आदल्या रात्रीपासून भोकं पाडलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा ठेवलेला असू द्या. कुपीतला नायट्रोजन ओतून टाका, झाकण फक्त अर्धा आटा लावा आणि कुपी ठोकळ्यात ठेवा. आत अडकलेल्या नायट्रोजनला वाट मिळाली पाहिजे, नाहीतर कुपी फुटते आणि आत काय आहे हे आठवतंच तुम्हाला. वीस मिनिटांनी झाकण घट्ट करा. सगळ्या कुपी झाकणाच्या डब्यात, सोबत थोडा कोळसा, म्हणजे गळती झाली तरी इतरांचे नमुने काळे पडणार नाहीत.

मुक्काम ४८ ते ७२ तास. लाइन गेली तर फ्रीझर उघडून पाहू नका. ठोकळा जाड असेल आणि दार बंद असेल तर काही तास निभतात. पहिल्या दिवशी लांबलचक लाइन गेली तर मात्र नमुना संशयास्पद म्हणून नोंदवा, कारण बर्फ अजून आतच असतो आणि विरघळलेल्या पदार्थांमुळे तो शुद्ध पाण्याइतका नाजूक नसला तरी उणे ७० च्या वर पुन्हा स्फटिक धरू लागतो. सोमवारी ठेवलं तर गुरुवारी सकाळी काढा : उणे २० ला दोन तास, ४ अंशांना दोन तास, मग खोलीच्या तापमानाला एक तास. पेशी काळ्या दिसतील, तसंच हवं.

उरलेलं ऑस्मियम आणि पहिल्या धुण्याचा ॲसिटोन दुप्पट तेलात ओता. सोयाबीनचं किंवा जवसाचं तेल उत्तम, असंपृक्त असल्याने ऑस्मियम त्यावर खर्ची पडतं आणि मिश्रण काळं होतं.

रेझिन

कोऱ्या ॲसिटोनने तीनदा धुवा, दर वेळी दहा मिनिटं. या धुण्यातच काळे पापुद्रे चकतीवरून सुटतात. न सुटले तर सुईने हलकेच उचला. पुढे रेझिन आणि ॲसिटोन १:३, १:१, ३:१, मग नुसतं रेझिन दोनदा. यीस्टची भिंत चिवट असते, प्रत्येक टप्प्याला आठ ते बारा तास द्या. घाई केली तर कापताना पेशी भोकासारख्या निखळून पडतात. ईपॉन जातीचं रेझिन ६० अंशांना ४८ तास. पावसाळ्यात बाटल्या खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. थंड बाटलीत ओल शिरली की ठोकळा मेणासारखा मऊ राहतो, तो कापता येत नाही.

चित्र आलं, आता वाचायचं कसं

चांगल्या यीस्टमध्ये केंद्रकाचा पडदा गुळगुळीत गोल असतो आणि रायबोसोम (पेशीतले प्रथिनं बनवणारे कण) बारीक ठिपक्यांसारखे सगळीकडे सारखे विखुरलेले. केंद्रकात पांढरी जाळी दिसली तर स्फटिक झाले. अशा वेळी आधी जागा पाहा. जाळी फक्त थराच्या मधोमध असेल आणि दोन्ही कडांना पेशी स्वच्छ असतील तर लगदा जाड होता, गोठवण ठीक होती. कडेलाही जाळी असेल तर प्रोपेन थंड नव्हतं, वाटी काठोकाठ नव्हती किंवा नंतर गरम चिमटा लागला. एक बाजू चांगली आणि एक वाईट, तर जोडी तिरपी बुडाली. पेशी आक्रसलेल्या पण जाळी नाही, तर गोठण्याआधी सुकल्या. सगळंच फिकट आणि पडदे अस्पष्ट, तर ऑस्मियम जुनं होतं.

कपाशीचं किंवा संत्र्याचं पान या पद्धतीने करू नका. पान १० मायक्रोमीटरच्या कितीतरी पट जाड असतं आणि आतल्या हवेच्या पोकळ्या उष्णता अडवतात. त्याला उच्च दाबाचं गोठवणयंत्र लागतं. २,००० बारच्या वर पाण्याचा गोठणबिंदू उणे २२ पर्यंत खाली जातो आणि २०० मायक्रोमीटरपर्यंतचा तुकडा चांगला गोठतो. रेत, बारीक शेवाळ, जिवाणू मात्र आपल्या आवाक्यातले.

ठोकळा पाठवताना चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा : पापुद्रा ठोकळ्याच्या कोणत्या टोकाला आहे, चकतीला चिकटलेली बाजू कुठली, आणि चकती आत राहिली आहे का. काप ६० ते ९० नॅनोमीटरचे घ्यायचे असतात, ते हिऱ्याच्या सुरीने, आणि ती सुरी तांब्याला लागली की तिची धार गेली. चकती राहून गेली असेल तर ठोकळा क्षणभर नायट्रोजनमध्ये बुडवा, तांबं आणि रेझिन वेगवेगळ्या प्रमाणात आक्रसतात आणि ब्लेडच्या टोकाने चकती उचकटून निघते. तरीही कण राहिल्याची शंका असेल तर तसं मोठ्या अक्षरांत लिहा, सुरी ज्यांची आहे ते आधी काचेच्या सुरीने छाटून घेतील.